टेक्सासमधलं हरणपालन: शेवटचं गिऱ्हाईक कोण?

फलटणकर

मी गेली अकरा वर्षं टेक्सासच्या हिल कंट्रीत रँचवाल्यांचे हिशोब आणि करविवरणं बघतो. मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, तिकडं हरणं पाळून लोक करोडपती झालेत म्हणे, व्हिडिओ बघितला. एका नराला लाखो रुपये! आपल्याकडं जमंल का?" फोनवर त्याला धड सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. माझ्या वह्यांमधून हा धंदा चढतानाही गेलाय आणि उतरतानाही.

आपल्याकडचं उत्तर एका ओळीचं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं चितळ, सांबर, काळवीट धंद्यासाठी पाळणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. तो विषय तिथंच मिटला. इकडचा हिशोब मात्र समजून घ्यावा, कारण त्यातली चूक आपल्या ओळखीची आहे.

इकडचं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, सगळे त्याला 'व्हाइटटेल' म्हणतात. एकट्या टेक्सासच्या रानात ती पन्नास लाखांच्या वर आहेत. मग पाळायची कशाला? शिंगांसाठी. शिकाऱ्याला भिंतीवर टांगायला शिंगं हवी असतात, आणि शिंगांचा भाव इंचावर ठरतो. दोन्ही मुख्य फांद्यांची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, ठरलेल्या जागांचा घेर, मधलं अंतर, सगळी बेरीज करून एक आकडा काढतात. बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या नोंदवहीत जायला सरळ वाढलेल्या शिंगांना १७० इंच लागतात. त्या प्रकारातला विक्रम २१३ आणि पाच अष्टमांश इंचांचा आहे, कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये १९९३ साली मारलेल्या नराचा. पैदास केंद्रातल्या नरांची शिंगं वेडीवाकडी फुटतात, झुडपासारखी, आणि त्यांची बेरीज ३०० च्या वर गेलेली मी स्वतः पाहिली आहे.

माझ्या एका अशिलाच्या गोठ्यात (नाव लिहीत नाही, गोठा म्हणतो कारण वास अगदी गोठ्याचाच) तुळईला शिंगांच्या जोड्या टांगलेल्या आहेत. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, नवी येतात. एकाच नराच्या चार वर्षांच्या चार जोड्या, प्रत्येकीला तारेनं बांधलेला कागद, त्यावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि साल. पहिल्या वर्षीची शिंगं बोटभर जाड, दुसऱ्या वर्षी मनगटाएवढा बुंधा, चौथ्या वर्षीची जोडी एका हातानं उचलवत नाही. आपल्याकडं लोक गाईच्या दुधाची वही दाखवतात, तशी तो माणूस ही तुळई दाखवतो.

आता साखळी बघा. पैदास करणारा नर तयार करतो. तो नर आठ फूट उंच कुंपणाच्या खाजगी शिकाररानाला विकला जातो, त्याला इथं प्रिझर्व्ह म्हणतात. प्रिझर्व्हवाला राहणं-जेवण-वाटाड्या धरून शिकाऱ्याकडून इंचाप्रमाणे पैसे घेतो. साधा नर काही हजार डॉलर, मोठ्या शिंगांचा दहा हजारांच्या वर. आकडा ऐकला की डोळे विस्फारतात. पण तो प्रिझर्व्हवाल्याचा आकडा झाला, हरीण वाढवणाऱ्याचा नाही.

वाढवणाऱ्याचा हिशोब नमुन्यादाखल मांडतो. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, रचना खरी आहे.

२० माद्या. जनावरामागे रोजचा एक डॉलर (खुराक, औषध, सगळं) धरला तर वर्षाला ७,३०० डॉलर. जुळी होतात, तरी ३० पाडसांतली दूध तुटेपर्यंत २४ जगतात असं धरू. त्यातले १२ नर. शिंगं विकण्याजोगी व्हायला आणखी तीन वर्षं, तोवर दोन मरतात, उरले १०. त्यांचा तीन वर्षांचा खर्च, मेलेल्यांचा धरून, ११,५०० च्या आसपास. म्हणजे १० नरांमागे १८,८००, एका नराला १,८८० डॉलर. कुंपण वेगळं. दहा एकरांचा चौरस घेतला तर परीघ २,६४० फूट, बरोबर अर्धा मैल. आठ फुटी जाळी, आतले कप्पे, जनावर पकडायची अंधारी शेड मिळून ५०,००० डॉलर धरा आणि १५ वर्षांत वाटा, तर नरामागे आणखी ३३३. झाले २,२१३.

नर २,५०० ला गेला तर वर्षाला सगळे मिळून २,८७० डॉलर सुटतात. त्यात घरच्यांच्या मजुरीचा एक पैसा धरलेला नाही. भाव १,५०० वर आला तर वर्षाला सात हजारांचा खड्डा. आणि पहिला पैसा दिसतो चौथ्या वर्षी.

त्यात आणखी एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. शिंगं उन्हाळ्याच्या शेवटी टणक होतात आणि हिवाळा सरता सरता गळून पडतात. हंगामात नर गेला नाही तर जानेवारी-फेब्रुवारीनंतर त्याच्या डोक्यावर विकण्यासारखं काही नसतं. पुढच्या पावतीसाठी आणखी एक वर्ष खायला घाला. टोमॅटोचा क्रेट दुपारपर्यंत उठला पाहिजे, तसं आहे ते. प्रिझर्व्हवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो नोव्हेंबरात भाव पाडून मागतो.

मग लोक करोडपती कशावर झाले? नर प्रिझर्व्हला विकून नव्हे. पैदाशीची जनावरं एकमेकांना विकून. नावाजलेल्या नराच्या रेतनाची एक कांडी हजारो डॉलरला जायची. त्या रक्ताच्या माद्या लिलावात लाखाच्या घरात. घेणारा कोण, तर या धंद्यात नव्यानं उतरणारा. तो घ्यायचा कशासाठी, तर त्याच्यानंतर उतरणाऱ्याला विकण्यासाठी. प्रिझर्व्हच्या दारातला भाव तेवढ्यानं वाढला नव्हता, कारण कुंपणातल्या नराला इतके पैसे मोजणारे शिकारी मोजकेच.

माझ्या मामांनी फलटणजवळ इमू पाळले होते. जोडीचे पैसे भरले, "पिल्लं आम्हीच परत घेऊ" असा करार होता. तेल, कातडं, मांस, सगळ्याची स्वप्नं होती. बाजारात मात्र इमूचं मांस मागणारं गिऱ्हाईक कधी उभंच राहिलं नाही. २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या पेरुंदुराईकडची मोठी योजना कोसळली, तोवर आपल्याकडच्यांचेही करार कागदावर राहिले होते. मामी सकाळी खुराक टाकताना रडायची. २०१९ ला सांगलीकडं कडकनाथ कोंबड्यांचं तेच झालं. म्हणून कुठल्याही पशुपालनाचा कागद माझ्यासमोर आला की मी पहिल्यांदा एकच विचारतो: हे जनावर दुसऱ्या पाळणाऱ्याला विकायचं नाही असं ठरवलं, तर ते कोण घेईल आणि कितीला?

बार्शीचा शेतकरी

दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. माझ्याकडं ४० शेळ्या आहेत. बोकडाला ईदेला भाव नाही आला तर खाटकाला तरी जातो, घरात पैसा येतो. हरणाचं तसं का नाही? मांस विकून निदान खर्च तरी निघंल की.

आणि दुसरं, १२ माद्या पण जन्मल्या की. त्यांचं काय?

फलटणकर

तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. शेळीपालन टिकतं ते खाली खाटकाचा भाव असतो म्हणून. तो कमी असेल, पण शून्य नसतो.

टेक्सासमध्ये व्हाइटटेलचं मांस विकायला बंदी आहे. हे जनावर तिथलं मूळचं, आणि कायद्यानं रानातलं हरीण राज्याच्या जनतेच्या मालकीचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मांसाच्या बाजारापायीच ही जनावरं अमेरिकेत जवळजवळ संपली होती, म्हणून तो दरवाजा बंद केला गेला. इतर काही राज्यांत फार्मवरचं मांस विकता येतं, पण केंद्राच्या कृषी खात्याकडून हरणाची तपासणी ऐच्छिक असते आणि तिचा खर्च पाळणाऱ्याच्या अंगावर. गाई-डुकरांची तपासणी सरकार करतं. शिवाय व्हाइटटेल अंगानं बारीक. हॉटेलातल्या ताटात येणारं हरणाचं मांस बऱ्याचदा न्यूझीलंडहून बोटीनं आलेलं असतं.

माद्यांचं म्हणाल तर तेजीत त्याच सोनं होत्या, कारण नवखा पहिल्यांदा मादीच विकत घेतो. नवखे यायचे थांबले आणि मादीची किंमत तिच्या खुराकाइतकीही राहिली नाही. शिंगं नाहीत, मांस विकता येत नाही. तुमच्याकडं पाट उलट आहे, सगळी किंमत मादीचीच.

मालकीबद्दलही सांगतो, कारण भाऊ तेच विचारत होता. टेक्सासमध्ये पैदासवाल्याकडं परवाना असतो, मालकी नसते. एका पैदासवाल्यानं कोर्टात भांडून पाहिलं की मी कानात बिल्ला घातला, मी वाढवलं, मग हरीण माझं. २०१९ मध्ये अपील न्यायालयानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ज्यावर कर्ज काढलं, ज्याला तारण ठेवलं, ते जनावर कायद्यानं तुमचं नाही. बँकांना हे उशिरा उमगलं.

रानवाट_नागपूर

मी एकदा वाचलं होतं की टेक्सासात चितळ आणि नीलगायसुद्धा आहेत. खरं का? आमच्याकडं नीलगायीनं तुरीचं रान उभं खाल्लं तरी हात लावता येत नाही. तिकडं लोक पैसे देऊन मारतात म्हणे?

फलटणकर

खरं आहे, आणि मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबलो होतो. एप्रिल-मे, ओकची झाडं, चुनखडीचे दगड, आणि त्यात ठिपक्यांचा कळप. मेळघाटात बघितलेली मान उंचावायची तीच ढब. क्षणभर कळेना आपण कुठं आहोत.

चितळ इथं १९३२ च्या सुमाराला आणले. काळवीट त्याच काळातले. नीलगाय दक्षिण टेक्सासच्या मोठ्या रँचवर सोडल्या, आज तिकडं हजारोंनी आहेत. गंमत वाटेल, पण १९७० च्या दशकात पाकिस्तानात काळवीट पुन्हा वसवायला टेक्सासहून जनावरं पाठवली होती.

धंद्याच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. ही जनावरं परदेशी म्हणून नोंदलेली, त्यामुळं ती जमीनमालकाची. शिकारीचा हंगाम नाही, वर्षभर चालते. आणि तपासणी करून मांस विकता येतं. चितळाचं मांस तर इथल्या चांगल्या हॉटेलांत आवडीनं मागतात. म्हणजे बार्शीच्या दादांनी विचारलेला खाटकाचा भाव चितळाला आहे, व्हाइटटेलला नाही. माझ्या अशिलांत जे टिकले त्यातल्या निम्म्यांनी कधी पैदास केलीच नाही. मोठं रान, त्यात चितळ आपोआप वाढतात, वर्षात ठरावीक नर शिकाऱ्याला, जास्तीच्या माद्या मांसाला. खुराकाचं बिल नाममात्र. धोका थंडीचा. २०२१ च्या फेब्रुवारीत इथं गोठवणारं वादळ आलं तेव्हा चितळ, काळवीट पटापट मेले, त्यांना तशी थंडी माहीतच नाही.

नीलगायीचा जाच तुमच्याकडं खराच आहे, पण तो प्रश्न आणि हा प्रश्न एकात घालू नका. पिकाचं रक्षण वेगळं, मारण्याचा बाजार उभा करणं वेगळं.

सुनंदा, पेनसिल्व्हेनिया

मी लँकेस्टरच्या बाजूला शाळेत शिकवते. आमच्या आजूबाजूला आमिश लोकांची (जुन्या पद्धतीनं राहणारा ख्रिस्ती समाज) शेतं आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच घरी कोठाराच्या मागं दोन-तीन एकरांत उंच जाळी लावून हरणं पाळलेली आहेत. टेक्सासचं चित्र मोठ्या रँचचं वाटतं, इथलं अगदी घरगुती आहे. दुधाचा भाव पडत गेला, जमीन वाटून वाटून लहान झाली, मुलं सात-आठ. अशा वेळी थोड्या जागेत होणारं काहीतरी हवं होतं. इथं कृषी खातं परवाना देतं, त्यामुळं शेतीसारखंच वाटतं लोकांना.

माझ्या शेजारणीकडं जूनमध्ये गेले होते. पाडसं जन्मून चार दिवस झालेले. आईपासून काढून बाटलीवर वाढवतात, म्हणजे माणसाला बुजत नाहीत आणि पुढं हाताळायला सोपी जातात. स्वयंपाकघरात एका पाटीत पाच पाडसं, अंगावर ठिपके, कान अंगापेक्षा मोठे. शेळीचं दूध कोमट करून तिची दहा वर्षांची मुलगी पाजत होती. पाजून झालं की ओल्या फडक्यानं प्रत्येकाचं बूड पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर पाडसू शी करत नाही आणि पोट फुगून मरतं. दिवसातून चारदा. रात्रीसुद्धा. फलटणकर, तुमच्या हिशोबात मजुरी धरली नाही म्हणालात, ती मजुरी ही.

त्याच घरात दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये ईएचडीची, म्हणजे हरणांच्या एका जीवघेण्या विषाणू-तापाची, साथ आली. चिखलात वाढणारी बारीक चिलटं चावून होते. हरीण संध्याकाळी खातं, सकाळी पाण्याच्या कडेला पडलेलं असतं. ताप इतका की ते पाण्याकडं जातं. नऊ दिवसांत अठरा गेली. पहिलं गोठवणारं दहिवर पडून चिलटं मरेपर्यंत साथ थांबत नाही, म्हणून ती बाई रोज पहाटे उठून गवतावर हात फिरवून बघायची. त्या नरांच्या विक्रीवर मुलाच्या शेताचा पहिला हप्ता ठरला होता.

हे लोक वाईट नाहीत, लोभीही नाहीत. एवढंच सांगायचं होतं.

बार्शीचा शेतकरी

ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडं लम्पी आला तेव्हा अशीच पहाटे उठायची सवय लागली होती.

पशुवैद्य, मॅडिसन

मी विस्कॉन्सिनमध्ये पशुवैद्यकीय क्षेत्रात काम करतो. ईएचडी भयानक आहे, पण तो येतो आणि जातो. धंद्याचा पाया ज्यानं हलवला तो आजार दुसरा आहे, सीडब्ल्यूडी. आपल्या भाषेत सांगायचं तर हरणांचा झिजून मरण्याचा रोग. ना विषाणू ना जिवाणू, वाकडं वळलेलं प्रथिन, प्रिऑन. १९६७ मध्ये कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत तो पहिल्यांदा दिसला. १९७८ मध्ये कळलं की हा मेंदूला भोकं पाडणाऱ्या रोगांच्या कुळातला आहे. दीड-दोन वर्षं जनावर धडधाकट दिसतं, त्या काळात लाळेतून, मूत्रातून रोग पसरवतं. मग वजन उतरतं, मान खाली, लाळ गळते. औषध नाही, लस नाही. माणसाला झाल्याचं एकही सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो.

आता याचा हिशोबाशी संबंध. या धंद्यात जनावर सतत ट्रेलरमधून फिरतं. पैदासवाल्याकडून पैदासवाल्याकडं, तिथून प्रिझर्व्हला. धडधाकट दिसणारं बाधित हरीण विकत घेतलं की रोग विकत घेतला. दक्षिण कोरियात हा रोग कॅनडाहून आयात केलेल्या एल्कमधून (हरणाची एक मोठी जात) गेला.

आमच्याच राज्यातलं उदाहरण सांगतो, सरकारी नोंदीतलं आहे. पोर्टेज काउंटीतल्या एका हरणांच्या फार्मवर २००६ मध्ये सगळा कळप मारून तपासला. ७६ पैकी ६० बाधित निघाले. माती तशीच राहिली. प्रिऑन उकळून मरत नाही, फॉर्मेलिननं मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. शेवटी २०११ मध्ये राज्यानं ती ८० एकर जमीन ४,६५,००० डॉलरला विकत घेतली, फक्त कुंपण शाबूत ठेवायला, रानातली हरणं आत जाऊ नयेत म्हणून. एका फार्मचा खर्च तुमच्या-माझ्या करातून गेला. तो कुठल्याच पैदासवाल्याच्या वहीत दिसत नाही.

कळप मारावा लागला तर केंद्र सरकार भरपाई देतं, पण जास्तीत जास्त जनावरामागे ३,००० डॉलर. तीस हजाराला घेतलेल्या मादीलाही तेवढेच.

एक आशेची बाब आहे. हरणाच्या प्रिऑन-जनुकात ९६ व्या जागी एक फरक असला तर रोग लागायचं प्रमाण कमी होतं. बरेच पैदासवाले आता इंचाबरोबर ती जनुक-तपासणीही बघून वळू निवडतात. हे काम चांगलं आहे. पण कमी लागणं म्हणजे न लागणं नव्हे, आणि उशिरा लक्षणं दाखवणारं जनावर जास्त काळ रोग पसरवू शकतं, याचाही विचार करायला हवा.

फलटणकर

डॉक्टर, मनापासून आभार. टेक्सासमध्ये २०१२ ला पश्चिमेच्या डोंगरातल्या रानटी हरणांत हा रोग सापडला तेव्हा इथं कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. २०१५ च्या उन्हाळ्यात मेडिना काउंटीत, म्हणजे सॅन अँटोनिओला लागूनच, पैदास केंद्रात सापडला आणि एका आठवड्यात लिलाव थंड पडले. आता मेलेल्या जनावरांची तपासणी, हलवण्याआधी जिवंत जनावराच्या गुदद्वाराच्या पेशींची तपासणी, कागद, थांबा. ज्याच्याकडून कधीकाळी एक हरीण घेतलं त्याच्याकडं रोग निघाला की तुमचंही फाटक बंद. ऑक्टोबरात फाटक बंद झालं तर शिंगं आत गळतात. वर मी लिहिलेला हिशोब इथं पुरता उलटतो.

शिरीषकुमार

हिशोब समजला. पण इतक्या जणांनी लिहिलं आणि मूळ गोष्ट कुणीच विचारली नाही. बाटलीनं दूध पाजलेलं जनावर, माणसाची चाहूल लागली की खाऊ मिळेल म्हणून जवळ येणारं. त्याला कुंपणात सोडायचं आणि कुणीतरी पैसे मोजून गोळी घालायची, याला शिकार म्हणायचं?

माझे आजोबा संस्थानी काळातले शिकारी होते. पायी माग काढत चार-चार दिवस जायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे, हे त्यांनी अभिमानानं सांगितलेलं आहे. कायदा आल्यावर बंदूक जमा केली आणि पुन्हा त्याबद्दल तक्रार केली नाही. जनावराला निसटायची संधी नसेल तर ते खाटीकखान्यापेक्षा हलकं काम, असं ते म्हणाले असते.

फलटणकर

तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि इथल्या शिकाऱ्यांतही अनेकांना मान्य आहे. वर ज्या बून अँड क्रॉकेट क्लबचं नाव लिहिलं, तो १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्टनं काढलेला. त्यांच्या नोंदवहीत कुंपणातलं हरीण घेत नाहीत, कितीही इंच असो. मोंटानात २००० साली लोकांनी थेट मतदानानं कुंपणातली पैसे घेऊन शिकार बंद केली, नवे फार्मही बंद केले. त्या मोहिमेत शिकारीच पुढं होते.

हजारो एकरांच्या कुंपणात हरीण खरंच लपू शकतं, आणि पन्नास-शंभर एकरांत ते शक्य नाही. दोन्हीला एकच शब्द वापरतात ही खरी अडचण आहे. पण धंदा म्हणून बघितलं तर पैसा लहान कुंपणाकडंच ओढतो. ज्यानं दहा हजार भरले त्याला शनिवार-रविवारात शिंगं घेऊन घरी जायचं असतं. चार दिवस माग काढून रिकामा जाणारा माणूस प्रिझर्व्हवाल्याला परवडत नाही.

साउथलंडकर

न्यूझीलंडहून लिहितोय. इथं बारा वर्षं डेअरी आणि हरणांच्या फार्मवर काम केलंय. इथली गोष्ट उलट्या टोकाची आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

तांबडं हरीण इथलं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलं. शत्रू कुणी नाही, इतकं वाढलं की डोंगर बोडके झाले. १९३० पासून सरकार पगारी शिकारी लावून मारत होतं. मग १९६० च्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं की जर्मनीत याच मांसाला भाव आहे, आणि हेलिकॉप्टरमधून शिकार सुरू झाली. पुढं मेलेल्यापेक्षा जिवंत हरणाला जास्त पैसे मिळायला लागले, कारण १९७० च्या सुमारास फार्मला परवानगी मिळाली. तेव्हा माणसं हेलिकॉप्टरमधून अक्षरशः हरणाच्या अंगावर उड्या टाकत. आमच्या फार्मवरच्या म्हाताऱ्याचा खांदा तेव्हाचा निखळलेला आहे, पाऊस यायच्या आधी दुखतो.

म्हणजे इथं मांस आधी आणि फार्म नंतर. गिऱ्हाईक उभं होतं. शिवाय मखमली शिंगं, म्हणजे वाढत असताना लव असलेली, ती कोरिया आणि चीनला औषधी म्हणून जातात. नराला भूल देऊन ती कापतात, प्रशिक्षण घेतलेल्या माणसानंच कापायची असा नियम आहे. काही फार्म मोठ्या शिंगांचे नर शिकारीच्या इस्टेटींना विकतात, तिथं अमेरिकन येतात, भाव उत्तम मिळतो. पण ते वरचं लोणी. नर इस्टेटीला गेला नाही तर मखमल आहे, नाहीतर कत्तलखाना आहे. आणि फार्मवरचं हरीण इथं कायद्यानं शेतकऱ्याचं. सीडब्ल्यूडी इथं नाही, तो येऊ नये म्हणून सगळे डोळ्यात तेल घालून बसलेत.

तरीही सोपं नाही. २००० च्या दशकाच्या मध्याला सतरा लाखांच्या वर हरणं होती, आज निम्मीही धड नाहीत. दुधाला भाव आला आणि लोकांनी हरणांच्या जाळ्या काढून गाई घातल्या.

बार्शीचा शेतकरी

फलटणकर दादा, शेवटचं विचारतो. ज्यांच्या गोठ्यात शिंगांच्या जोड्या टांगल्यात, त्यांचं काय झालं?

फलटणकर

ते अजून आहेत, पण पैदास बंद केली. त्यांच्याकडं रोग निघाला नव्हता. ज्याच्याकडून माद्या घेतल्या होत्या त्याच्याकडं निघाला, आणि यांचं फाटक दोन हंगाम बंद राहिलं. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसलो होतो. त्यांनी विचारलं, "अजून एक वर्ष ओढलं तर?" मी आकडे मांडले. त्यांच्या बायकोनं वही माझ्याकडून घेतली, स्वतः बेरीज केली, आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही.

राहिलेले नर तपासणी पार करून त्याच भागातल्या प्रिझर्व्हला मिळेल त्या भावानं गेले. परवाना परत केला. कुंपणाच्या कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत. आता त्या आठ फुटी जाळीच्या आत बोअर जातीच्या शेळ्या आहेत. सॅन अँटोनिओच्या बाजारात बोकड नेतात, ईदच्या आधी आणि ईस्टरच्या आधी. मागच्या आठवड्यात त्यांनी मला बाजाराची पावती फोनवर पाठवली. तुमचा बोकडाचा भाव कळवा दादा, त्यांना दाखवतो.